लोकसंख्या : शून्य

जगाची माहिती देणारी कोणतीही वार्षिकी उघडली की प्रत्येक देशाच्या नावापुढे ठरावीक रकाने दिसतात : क्षेत्रफळ, लोकसंख्या, राजधानी, शासनपद्धती. शाळकरी मुले ही माहिती पाठ करतात आणि परीक्षा संपली की विसरून जातात. हे रकाने इतके निरुपद्रवी भासतात, की त्यांच्या आड एखादा नैतिक प्रश्न दडलेला असेल अशी शंकाही आपल्याला येत नाही. तथापि लोकसंख्येच्या रकान्यात कोणता आकडा लिहावा हे नेहमी मोजणीनेच ठरते असे नाही. कधी कधी आकडा आधी ठरतो आणि माणसे मागाहून त्याप्रमाणे हलवली जातात.

देश कशाला म्हणावे, याचे उत्तर अमेरिका खंडातील राष्ट्रांनी १९३३ साली उरुग्वेच्या राजधानीत, माँटेव्हिडिओ येथे केलेल्या करारात सापडते. कायमची लोकवस्ती, निश्चित भूप्रदेश, शासन आणि अन्य राष्ट्रांशी संबंध ठेवण्याची क्षमता अशी चार लक्षणे त्या कराराने सांगितली. व्याख्या सुटसुटीत आहे. मात्र तिच्यातील ‘कायमची’ या विशेषणाचा निवाडा कोणी करावयाचा?

हिंदी महासागरात, कन्याकुमारीपासून सुमारे सतराशे-अठराशे किलोमीटर दक्षिणेस, चागोस नावाचा बेटांचा समूह आहे. सर्व बेटांची मिळून जमीन साठ चौरस किलोमीटरच्या आसपास; दिएगो गार्सिया हे त्यांतील सर्वांत मोठे बेट. अठराव्या शतकाच्या अखेरीस फ्रेंच मळेवाल्यांनी आफ्रिका आणि मादागास्कर येथील गुलाम आणून तेथे माडांच्या बागा लावल्या. पुढे बेटे इंग्रजांकडे गेली, गुलामगिरी संपली, हिंदुस्थानातूनही काही मजूर आले. पिढ्यांमागून पिढ्या तेथे जन्मल्या. त्यांची स्वतःची क्रिओल बोली घडली. खोबऱ्याच्या धंद्यावर घरे चालली. प्रार्थनामंदिरे उभी राहिली आणि त्यांच्याजवळच्या भूमीत आजे-पणजे विसावले.

नोव्हेंबर १९६५ मध्ये ब्रिटनने ही बेटे मॉरिशस वसाहतीपासून तोडून ‘ब्रिटिश हिंदी महासागर प्रदेश’ असा नवा प्रदेश निर्माण केला. मॉरिशसला स्वातंत्र्य मिळावयास अजून सव्वादोन वर्षे होती. दिएगो गार्सियावर अमेरिकेला लष्करी तळ हवा होता आणि तळाभोवती वस्ती नको होती. येथे संयुक्त राष्ट्रांच्या सनदेचे ७३ वे कलम आड येत होते. ज्या प्रदेशातील जनतेला स्वराज्य मिळालेले नाही, तेथील रहिवाशांचे हित हा सत्ताधाऱ्यांकडे सोपवलेला पवित्र ठेवा आहे, असे ते कलम सांगते. यातून सुटण्याचा मार्ग अधिकाऱ्यांनी शोधला, तो शब्दांचा. बेटांवरचे लोक हे रहिवासी नव्हेत, कंत्राटी मजूर आहेत, अशी भूमिका घेण्यात आली. रहिवासीच नसतील तर कर्तव्य कोणाप्रती?

त्यानंतर वास्तवाला कागदाच्या मापात बसवण्यात आले. औषधपाण्यासाठी मॉरिशसला गेलेल्यांना परतीची बोट नाकारली गेली. १९७१ साली दिएगो गार्सियावरील पाळीव कुत्री विषारी वायूने मारण्यात आली. १९७३ पर्यंत अखेरचे कुटुंबही बोटीत चढले होते. दीड-दोन हजार माणसे मॉरिशस आणि सेशेल्सच्या गलिच्छ वस्त्यांत जाऊन पडली. प्रदेश राहिला, शासन राहिले. लोकसंख्येच्या रकान्यातील स्थायी माणूस तेवढा नाहीसा झाला.

याच्या समर्थनार्थ दोन युक्तिवाद केले जातात. पहिला असा, की हे लोक मूळचे तेथले नव्हतेच. पण मूळचा कोण असतो? ज्यांना साखळदंडाने बांधून आणले, त्यांच्या पणतवंडांना ‘तुम्ही बाहेरचे’ म्हणून घालवणे हा एका अन्यायाचा पुरावा दुसऱ्या अन्यायासाठी वापरण्याचा प्रकार होय. दुसरा युक्तिवाद अधिक वजनदार आहे : पुष्कळांच्या सुरक्षिततेसाठी थोड्यांनी त्याग करावा. धरणाखाली गेलेल्या गावांच्या संदर्भात आपणही हे वाक्य अनेकदा ऐकले आहे. पण त्याग करणाऱ्याला निदान विचारावे लागते, आणि त्याचे ऋण मान्य करावे लागते. ‘प्रकल्पग्रस्त’ हा शब्द कितीही रुक्ष असो, त्यात कोणाचे तरी काही गेले याची कबुली आहे. चागोसवासीयांना ती कबुलीही नाकारण्यात आली. भूमी हिरावणे हा पहिला अपराध. तेथे कोणी नव्हतेच असे म्हणणे हा त्याहून भारी अपराध. पहिल्याची भरपाई कल्पिता तरी येते. दुसरा मात्र भरपाई मागणारा माणूसच पुसून टाकतो.

याउलट भूमी सुटूनही नाते न सुटल्याची उदाहरणे आहेत. १८७० साली रोम इटलीच्या राज्यात सामील झाले आणि परमगुरुपीठाचे भूराज्य संपले. १९२९ च्या लॅटरन करारान्वये अवघी ४४ हेक्टर जमीन मिळेपर्यंत एकोणसाठ वर्षे त्या पीठाकडे स्वतःचा म्हणावा असा प्रदेश नव्हता. तरीही राष्ट्रे त्याच्याकडे राजदूत पाठवत राहिली आणि त्याचे राजदूत स्वीकारत राहिली. आज हाच प्रश्न पॅसिफिक महासागरातील तुवालूपुढे आहे. नऊ बेटे, २६ चौरस किलोमीटर जमीन, दहा-अकरा हजार माणसे. आणि समुद्र चढतो आहे. २०२३ साली तुवालूने आपल्या राज्यघटनेत लिहून ठेवले, की भूमी गमावली तरी राष्ट्र कायम राहील. त्याच वर्षी ऑस्ट्रेलियाशी झालेल्या करारान्वये दरवर्षी २८० तुवालूवासीयांना तेथे जाऊन राहता येते. एक शासन पाण्याखाली जाणाऱ्या भूमीवरील लोकांना आपले म्हणत आहे. दुसऱ्याने कोरड्या भूमीवरील लोकांना परके ठरवले.

चागोसवासी मात्र गप्प राहिले नाहीत. नोव्हेंबर २००० मध्ये लंडनच्या उच्च न्यायालयाने त्यांची हकालपट्टी बेकायदा ठरवली. २००४ साली सरकारने राजाज्ञा काढून पुन्हा मज्जाव केला आणि २००८ साली सरदारसभेच्या न्यायाधीशांनी तीन विरुद्ध दोन मतांनी ती राजाज्ञा उचलून धरली. फेब्रुवारी २०१९ मध्ये आंतरराष्ट्रीय न्यायालयाने सल्लागार मत दिले, की मॉरिशसपासून बेटे तोडणे कायद्याला धरून नव्हते. मे २०२५ मध्ये ब्रिटन आणि मॉरिशस यांनी सार्वभौमत्व मॉरिशसकडे देण्याच्या करारावर स्वाक्षऱ्या केल्या; दिएगो गार्सियाचा तळ मात्र ९९ वर्षे राखून ठेवण्यात आला. या वाटाघाटी दोन शासनांमध्ये झाल्या. आम्हाला कोणी विचारले, असा सवाल अनेक चागोसवासीयांनी त्या वेळीही केला.

तो सवाल रास्त आहे. लोकसंख्येचा आकडा ही केवळ शिरगणती नव्हे. ‘इतक्या माणसांचे आम्ही देणे लागतो’ अशी ती शासनाने जगापुढे दिलेली कबुली आहे. म्हणून एखाद्या प्रदेशापुढे शून्य लिहिलेले आढळले, तर ते शून्य निसर्गाने लिहिले की माणसाने, एवढे विचारल्यावाचून पान उलटू नये.