पाहणाऱ्याचें ऋण

विमान चालविण्याचा सराव जमिनीवर बसूनच करतां यावा, या हेतूनें एडविन लिंक या अमेरिकन गृहस्थानें १९२९ सालीं एक यंत्र सिद्ध केलें. त्याचा मोठा गुण हा कीं, त्यांत केलेल्या चुकीची शिक्षा कोणासहि भोगावी लागत नसे. आजचा संगणकावरील सिम्युलेटर हा त्याच यंत्राचा वंशज होय. पूर्वीं त्याच्या आकाशांत सर्व कांहीं कल्पित असे. आतां तेथें खऱ्या विमानांच्या प्रतिमा उडतात, आणि समुद्रावर खऱ्या जहाजांच्या प्रतिमा चालतात.

हें कसें घडतें तें प्रथम पाहूं. प्रवासी विमानें बहुधा उपग्रहांच्या साहाय्यानें आपलें स्थान ओळखतात आणि तें आपल्या उंचीसह व वेगासह रेडिओवरून सारखीं कळवीत असतात. जहाजांचीहि तशीच व्यवस्था आहे. आंतरराष्ट्रीय सफरीवरील ३०० टनांच्या व त्याहून मोठ्या जहाजांना ती २००४ च्या अखेरीपर्यंत बंधनकारक झाली. दोहोंचा मुख्य हेतु एकच, टक्कर टळावी. हे संदेश गुप्त नसतात. हौशी लोकांनीं घरांच्या गच्चीवर लहान यंत्रें बसविलीं आहेत. तीं हे संदेश टिपतात, कांहीं कंपन्या ते एकत्र करतात, आणि सिम्युलेटर त्या आंकड्यांवर विमानाचें वा जहाजाचें रूप चढवितो. दोन संदेशांमधील मार्ग तो अनुमानानें भरून काढतो.

आतां या खेळांत एक विलक्षण विषमता आहे. आमचें कल्पित विमान खऱ्या विमानास पाहतें. खरें विमान आमच्या विमानास पाहूं शकत नाहीं. आम्ही त्याच्या आरपार गेलों, तरी तेथील उतारूच्या पेल्यांतील पाणीहि हालत नाहीं. कोणी म्हणेल, मग यांत नीतीचा प्रश्न कोठें आला? ज्यास इजा झाली नाहीं, त्याचा अपराध तो कसला? हा युक्तिवाद वरवर बिनतोड दिसतो. तथापि अपराध नाहीं म्हणून कर्तव्यहि नाहीं, असें कांहीं ठरत नाहीं.

एक उदाहरण घेऊं. मार्च २०२१ मध्यें 'एव्हर गिव्हन' हें अवाढव्य जहाज सुवेझच्या कालव्यांत आडवें अडकलें, आणि सहा दिवस निघेना. नकाशावरील त्याची आडवी खूण जगानें पाहिली. थट्टेचीं चित्रें निघालीं. हौशी मंडळींनीं सिम्युलेटरमधील कालव्यांतहि तें जहाज आणून ठेविलें. त्या जहाजावर २५ खलाशी होते, व ते सर्व भारतीय होते. जहाज सुटलें, जगाची करमणूक संपली. परंतु नुकसानभरपाईच्या वादामुळें तें ७ जुलैपर्यंत ग्रेट बिटर सरोवरांत अडकवून ठेवण्यांत आलें. त्या दिवसांत त्याची थट्टा करावी असें कोणास वाटलें नाहीं, आणि चौकशी करावी असेंहि फारसें कोणास वाटलें नाहीं.

घरच्या माणसांची गोष्ट निराळी. कोकणच्या किनाऱ्यावरील कित्येक घरांतील मुलगे आज परदेशी जहाजांवर नोकरीस आहेत. अशा घरांतील आई फोनवर जो ठिपका न्याहाळते, तोच आमच्या पडद्यावर जहाज होऊन येतो. अक्षांश तेच, रेखांश तेच. परंतु आईला त्यांत मुलगा दिसतो, आणि आम्हांस देखावा दिसतो. फरक पडतो तो पाहणाऱ्यामुळें.

यास्तव हा खेळ टाकून द्यावा, असें मात्र आमचें म्हणणें नाहीं. ज्या तरुणास घरबसल्या जगाची रहदारी जाणून घ्यावीशी वाटते, त्याच्या जिज्ञासेचें आम्हांस कौतुकच आहे. मागणें एवढेंच कीं, खलाशी व वैमानिक यांनीं एकमेकांच्या रक्षणासाठीं घातलेली साद आपण करमणुकीसाठीं ऐकतों, हें विसरूं नये. संकटांत सांपडलेल्या जहाजाभोवतीं घिरट्या घालण्यापूर्वीं, तेथें कोणी तरी जागें आहे व कोणी तरी त्याची वाट पाहत आहे, एवढें मनांत आणावें. ज्यास आपण पाहतों त्यास आपला पत्ताहि नाहीं. तेव्हां या ऋणाचा तगादा कधींच येणार नाहीं. तें आपल्याच मनानें फेडावयाचें आहे.