दैव पाचवं आहे



आजचं वाचन गीतेच्या अठराव्या अध्यायातलं, श्लोक १४. कोणतंही काम घडायला पाच कारणं लागतात, असं भगवान अर्जुनाला सांगतात. काम जिथे घडतं तो आधार, ते करणारा, त्याची साधनं, त्याच्या वेगवेगळ्या हालचाली आणि पाचवं दैव. मला यातला क्रम महत्त्वाचा वाटतो. दैव नाकारलेलं नाही, ते यादीत आहेच. पण आधीची चार मोजून झाल्यावर त्याचा नंबर येतो.

आज हा श्लोक गाडीच्या टायरला लावून बघू. हसू नका. दसऱ्याला आपण गाडीला झेंडूचा हार घालतो, नव्या गाडीच्या चाकाखाली लिंबू ठेवतो. चाकाची पूजा चालते, तर चाकावर चिंतनही चालायला हवं.

आमचे काका जयगडला राहतात. त्यांच्या गाडीला १५ वर्षं झाली. खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची असते, त्यानंतर तपासणी होऊन ती पुढच्या ५ वर्षांसाठी वाढवून मिळते. रत्नागिरीला आरटीओत नेण्याआधी काकांनी गाडी गॅरेजमध्ये दाखवून घेतली. इंजिन ठीक, ब्रेक ठीक. खाली ‘किरकोळ’ म्हणून चार ओळी होत्या. पुढच्या डाव्या टायरची आतली कड झिजली आहे. मागच्या एका टायरला बाजूने छोटा फुगा आहे. स्टेपनीत हवा नाही. एका व्हॉल्व्हची टोपी नाही.

काका म्हणाले, “चालतेय ना गाडी! बाकी कऱ्हाटेश्वर बघून घेईल.”

काकांची श्रद्धा खोटी नाही. समुद्राला लागून असलेल्या त्या देवळात ते वर्षानुवर्षं जातात. म्हणूनच प्रश्न गंभीर आहे. देवावर सोडणं आणि सोडून देणं, यात फरक कुठे?

आपल्यातले जे कोड लिहितात त्यांना हे पटकन कळेल. एरर आली की काम थांबतं. वॉर्निंग आली की आपण पुढे जातो. मग स्क्रीनवर दोनशे वॉर्निंग साठतात आणि त्यातली एक खरी असते. ‘किरकोळ’ हे लेबल कुणीतरी चिकटवलेलं असतं. वस्तूचा स्वभाव त्यामुळे बदलत नाही.

त्या चार ओळी एकेक करून बघा. व्हॉल्व्हची टोपी धूळ-चिखल आत जाऊ देत नाही. मिळेल तेव्हा बसवा. स्टेपनीत हवा नसेल तर आज काही बिघडत नाही, पण रात्री निवळी फाट्याच्या रस्त्यावर पंक्चर झालं की तीच ओळ सगळ्यात मोठी होते. आतली कड झिजली म्हणजे बहुतेकदा अलाइनमेंट बिघडलेलं असतं. बाहेरून टायर छान दिसतो, आतून गोटा होत जातो. नुसता टायर बदलला तर नवाही तसाच झिजेल. कारच्या टायरची खाच किमान १.६ मिलिमीटर हवी, असा नियम आहे, आणि त्यामागे साधं कारण आहे. त्या खाचांमधून पाणी बाहेर फेकलं जातं. वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडणाऱ्या रत्नागिरीत खाच संपली, की टायर रस्त्यावर नाही, पाण्यावर चालतो.

आणि तो छोटा फुगा? तो किरकोळ नाहीच. टायरच्या आत दोऱ्यांचे थर असतात. खड्ड्याचा किंवा जांभ्या दगडाच्या कडेचा जोरात मार बसला की ते तुटतात. मग त्या जागी आतली हवा फक्त रबराने अडवलेली असते. त्याला पॅच लागत नाही. टायर बदलणं हा एकच उपाय.

म्हणजे पहिलं कर्तव्य विवेकाचं. सगळंच दुर्लक्षित करणं जसं चूक, तसंच घाबरून चारही टायर नवे घालणंही विवेकाचं नाही. पैसे बेताचे असतील तर आधी फुग्याचा टायर, मग अलाइनमेंट, मग स्टेपनी. तीही नुसती हवा भरून सोडू नका. टायरच्या बाजूला चार आकडे असतात. २३१९ असेल तर तो २०१९ च्या २३ व्या आठवड्यात बनला. न वापरलेलं रबरही म्हातारं होतं.

आता याच अध्यायात थोडं मागे जाऊ, श्लोक ७ ते ९. भगवान त्यागाचे तीन प्रकार सांगतात. नेमलेलं काम न समजता, मोहाने सोडलं तर तो तामस त्याग. त्रास होईल म्हणून सोडलं तर राजस. आणि काम पूर्ण करून त्यातली आसक्ती व फळ सोडलं तर सात्त्विक. फरक इथे सापडतो. देवावर सोडायचं असतं ते फळ. काम नाही. ‘उद्या बघू, खर्च आहे’ असं म्हणून सोडलेल्या कामाला आपण भक्तीचं नाव देतो, तेव्हा राजस त्यागाला सात्त्विक कपडे घालत असतो.

१ जुलै २०२३ च्या पहाटे समृद्धी महामार्गावर सिंदखेडराजाजवळ एक खासगी बस उलटून पेटली. २५ जण गेले. टायर फुटला, असं चालकाने सांगितलं. परिवहन विभागाच्या अहवालात मात्र टायर फुटल्याचा पुरावा मिळाला नाही. मला त्या दोन शब्दांचा विचार करावासा वाटतो. ‘टायर फुटला.’ या वाक्यात माणूसच नाही. टायर आपणहून फुटतो, ब्रेक आपणहून लागत नाही, गाडी आपणहून घसरते. कुठल्याही अपघातानंतर आपल्याला अशी वाक्यं सोयीची वाटतात, कारण पाच कारणांतली आधीची चार त्यात लपतात आणि पाचवं तेवढं उरतं.

काकांना मी एवढंच विचारलं, की विश्वास तुमचा आहे, पण जीव कुणाचा लावताय? मागच्या सीटवर आजी बसते. समोरून स्कूटरवर कुणाची तरी मुलगी कॉलेजला जात असते. तिने तुमच्या फुग्याला संमती दिलेली नाही. माझी श्रद्धा मी माझ्यापुरती पणाला लावू शकतो, दुसऱ्याच्या वतीने नाही. अहिंसा म्हणजे फक्त कुणाला न मारणं नव्हे. आपल्या आळसाने कुणाला इजा होऊ न देणं, हीसुद्धा अहिंसाच.

आणि हे टायर बदलल्यावरही संपत नाही. काढलेला टायर दुकानात तसाच सोडला तर तो पुसूनपासून स्वस्तात कुणाच्या तरी टेम्पोला लागू शकतो. आपला धोका आपण गरिबाला विकला, एवढंच होईल. म्हणून तो टायर रस्त्यावर परत येणार नाही, हे बघणंही त्याच कर्तव्यात येतं. जयगडसारख्या बंदराच्या गावात त्याला चांगली जागा आहे. जेट्टीला होडी घासू नये म्हणून जुने टायर बांधतात. तिथे फुगा कुणाचं काही बिघडवत नाही.

शेवटी एक सावधगिरी. सगळं तपासलं म्हणजे आता काही होणारच नाही, असंही नाही. श्लोक १६ मध्ये भगवान स्पष्ट सांगतात, की जो फक्त स्वतःलाच कर्ता समजतो त्याला नीट दिसत नाही. नव्या टायरलाही खिळा लागतो. दैव पाचवं आहे, पण आहे. म्हणून स्टार्टर मारताना हात जोडायचेच. फक्त आधी खाली वाकून चारही चाकं बघितलेली असावीत, म्हणजे त्या नमस्काराला अर्थ येतो.

आजचा संकल्प: तुमच्या घरातली एक ‘किरकोळ’ यादी काढा. गाडीची, गॅसच्या नळीची, आईच्या औषधांची, कसलीही. तिच्यातली फुग्याची ओळ कोणती, ते शोधा, आणि ती आजच संपवा.

राम कृष्ण हरी.