आधी घटक ठरवा, मग वर्तुळ काढा

नवापूरचे रेल्वेस्थानक महाराष्ट्र आणि गुजरातच्या सीमेवर आहे. सीमारेषा फलाटावरूनच जाते. संच शिकवून झाल्यावर नववीच्या मुलांना विचारावे, की दोन राज्ये आणि हे स्थानक वेन आकृतीत कसे दाखवाल? पुष्कळ जण राज्यांची दोन वर्तुळे एकमेकांत अडकवतील आणि मधल्या सामाईक भागात स्थानकाचे नाव लिहितील. आकृती सुबक दिसेल, पण चुकीची असेल. जमिनीचा कोणताही तुकडा एकाच वेळी दोन्ही राज्यांत नसतो. राज्ये हे विभिन्न संच आहेत. त्यांची वर्तुळे वेगवेगळीच काढावी लागतात आणि स्थानकाचे तिसरे वर्तुळ त्या दोघांना छेदून जाते.

आता त्याच फलाटावरची माणसे घ्या. मराठी समजणाऱ्यांचा एक संच, गुजराती समजणाऱ्यांचा दुसरा. हे दोन्ही एकमेकांना चांगलेच छेदतात. जागा तीच, पण आकृती पार बदलली. कारण आधी घटक जमीन होती, आता माणूस आहे. शाळेत संच शिकवताना हा प्रश्नच मुलांपर्यंत पोहोचत नाही, अशी माझी तक्रार आहे. घटक कोणता, हे पुस्तकाने आधीच ठरवून दिलेले असते. मुलांनी फक्त बेरीज-वजाबाकी करायची.

नववीच्या पुस्तकातले वसतिगृहाचे उदाहरण पाहा. 125 विद्यार्थी, 80 चहा घेणारे, 60 कॉफी घेणारे, 20 दोन्ही घेणारे. 80 + 60 − 20 = 120, म्हणजे काहीच न घेणारे 5. सूत्र पक्के झाले, गुण मिळाले. धडगाव-अक्कलकुव्याकडच्या आश्रमशाळेत हेच उदाहरण भाषांचे करून विचारावे: घरात पावरी बोलणारे किती, अहिराणी समजणारे किती, दोन्ही किती? लगेच वाद सुरू होईल. आजीचे बोलणे समजते पण उत्तर मराठीत देतो, असा मुलगा ‘बोलणाऱ्यां’त धरायचा का? हा वाद म्हणजे वेळेचा अपव्यय नव्हे. संचाची व्याख्या त्या वादातच आहे. कोण आत आणि कोण बाहेर हे नेमके सांगता आले, तरच तो समूह संच ठरतो. जनगणनेतही हेच दिसते. मातृभाषा प्रत्येकाची एकच नोंदतात, म्हणून त्या आकड्यांची बेरीज लोकसंख्येइतकी येते. येणाऱ्या इतर भाषाही धरल्या, की बेरीज लोकसंख्येच्या पुढे जाते. दोन्ही आकडे खरे असतात, फक्त संच वेगळे असतात.

हा गोंधळ मोठ्यांनाही सुटलेला नाही. नंदुरबार जिल्ह्यातील नवापूर, तळोदा, अक्कलकुवा आणि अक्राणी हे तालुके पूर्णपणे अनुसूचित क्षेत्रात येतात. नंदुरबार आणि शहादा तालुक्यांतली काहीच गावे येतात. 2011च्या जनगणनेनुसार जिल्ह्याच्या 16,48,295 लोकसंख्येत सुमारे 69 टक्के लोक अनुसूचित जमातींचे आहेत. बोलताना ‘अनुसूचित क्षेत्र’ आणि ‘अनुसूचित जमाती’ सर्रास एकमेकांच्या जागी वापरले जातात. पण पहिल्याचे घटक गावे आहेत, दुसऱ्याचे माणसे. ‘अनुसूचित क्षेत्रात राहणारी माणसे’ असा संच केल्याशिवाय ही दोन वर्तुळे एका चौकटीत काढताच येत नाहीत. तो केला, की चारही भाग भरलेले दिसतात: क्षेत्रात राहणारे पण जमातीचे नसलेले, जमातीचे पण क्षेत्राबाहेर राहणारे, दोन्हींत असणारे आणि दोन्हींत नसणारे. धोरणावर बोलणाऱ्या प्रत्येकाने आधी ही आकृती काढायला हवी.

अभ्यासक्रम मोठा आणि वेळ कमी, ही शिक्षकांची अडचण खरी आहे. म्हणून संचांचे प्रकरण लवकर उरकले जाते. पण दहावीत संभाव्यता येते तेव्हा नमुना अवकाश हा संचच असतो आणि घटना हा त्याचा उपसंच. नववीत वाचवलेले दोन तास तिथे व्याजासह फेडावे लागतात.

नवापूर स्थानकावर मराठी, गुजराती, हिंदी आणि इंग्रजी अशा चार भाषांत घोषणा होतात. मुलांना या चार भाषांची चार वर्तुळे काढायला सांगावीत. प्रत्येक भाषा समजणे किंवा न समजणे, अशा एकूण 16 शक्यता होतात. चार वर्तुळांनी मात्र बाहेरचा भाग धरूनही जास्तीत जास्त 14च भाग पडतात. जॉन वेन यांनी 1880मध्ये चार संचांसाठी वर्तुळे सोडून लंबवर्तुळे वापरली, ती याच अडचणीमुळे. राहून गेलेले दोन भाग कोणते आणि तशी माणसे फलाटावर सापडतील का, हे मुलांनी शोधावे.