अवयवी, अवयव आणि स्ट्रिंग

रथ हा चाके, आस आणि जू यांहून वेगळा पदार्थ आहे, की त्यांच्या जुळणीला दिलेले नाव? ‘मिलिंदप्रश्ना’त भिक्षू नागसेन मिलिंद राजाला सांगतो, अवयवांपलीकडे रथ नाही. न्याय-वैशेषिकांचा पक्ष उलट आहे: अवयवी, म्हणजे अवयवांचा बनलेला पूर्ण पदार्थ, अवयवांत समवायाने (अतूट संबंधाने) राहतो, पण तो त्यांच्याहून वेगळा आणि खराच असतो.

सॉफ्टवेअरचे पॅकेज बांधताना हा वाद पुन्हा उभा राहतो, आणि तिथे चुकीच्या उत्तराने प्रोग्रॅम कोसळतो. जीसीसी कंपायलरच्या पाचव्या आवृत्तीने २०१५ मध्ये सी++ च्या स्टँडर्ड लायब्ररीतील ‘स्ट्रिंग’ची रचना बदलली, कारण जुनी रचना २०११ च्या मानकात बसत नव्हती. ६४-बिट संगणकावर जुनी स्ट्रिंग ८ बाइटची, नवी ३२ बाइटची. दोन्ही एकाच लायब्ररीत ठेवून नवीला आतून निराळे नाव दिले गेले. फंक्शन थेट स्ट्रिंग घेत असेल तर नावे जुळत नाहीत, वेगवेगळे बांधलेले भाग नावांवरून जोडणारा लिंकर अडतो आणि चूक तिथेच कळते. खरा धोका स्ट्रिंग एखाद्या क्लासच्या पोटात असते तेव्हा. लिंकरला दिसते ते क्लासचे, म्हणजे अवयवीचे नाव. ते जुळते आणि जोडणी बिनबोभाट पार पडते. मग जुन्या रचनेने बांधलेला भाग स्ट्रिंगनंतरचा आकडा ८ बाइटनंतर शोधतो, नव्या रचनेचा ३२ नंतर. इथे नागसेनाचेच खरे ठरते: प्रोसेसरला क्लास ठाऊकच नसतो, त्याच्यापुढे केवळ बाइट असतात.

तरीही वैशेषिकांना इतक्यात बाद करता येत नाही. एक धागा काढला की जुने वस्त्र नष्ट होऊन नवे उत्पन्न होते, असे तेही मानतात. नाव तेच म्हणजे वस्तू तीच, हा लिंकरचा भाबडा समज त्यांनाही मान्य झाला नसता. डेबियन या लिनक्स वितरणाने २०१५ मध्ये याच न्यायाने, बदलाची झळ लागलेल्या लायब्ररींच्या पॅकेजांना ‘व्ही५’ प्रत्यय लावून नवे नाव दिले आणि त्यांवर अवलंबून असलेली पॅकेजे पुन्हा बांधली. निक्स ही पॅकेज-व्यवस्था त्याही पुढे जाते. तिथे पॅकेजच्या मार्गातच कंपायलरसह सर्व घटकांवरून काढलेला हॅश, म्हणजे ओळखखूण, असतो. घटक बदलला की वस्तू नवी.

या काटेकोरपणाची किंमत मोठी आहे. बाइटच्या मांडणीला धक्का न लावणारा बदलही सगळे पुन्हा बांधायला लावतो. कोणता बदल महत्त्वाचा, हे लायब्ररीच्या सीमेवरून काय ये-जा करते त्यावर ठरते. केवळ पूर्णांक आणि पॉइंटर घेणारे साधे सी-फंक्शन कंपायलर बदलला तरी सहसा टिकते. म्हणून सी++ च्या काही लायब्ररी आतली रचना झाकून बाहेर सीचीच फंक्शने देतात. जी लायब्ररी स्ट्रिंगचीच देवघेव करते, तिच्याशी जोडले जाणारे प्रत्येक पॅकेज त्याच रचनेने बांधण्यावाचून पर्याय नसतो.