आज्ञावलीचा कर्ता कोण?

साताऱ्याजवळच्या वाईत केवलानंद सरस्वतींनी सात खंडांचा ‘मीमांसाकोश’ सिद्ध केला, तेव्हा विधिवाक्याचा, म्हणजे ‘अमुक करावे’ असे सांगणाऱ्या वाक्याचा अर्थ कसा लावावा याविषयीची शतकानुशतकांची चर्चा एका ठिकाणी आली. संगणकाची आज्ञावली, जिला व्यवहारात कोड म्हणतात, तीही विधिवाक्यांचीच मालिका आहे. म्हणून ती लिहिणे अवघड का, आणि यंत्रच ती लिहू लागल्यावर तिचे कर्तेपण कोणाकडे जाते, हे प्रश्न मीमांसकांच्या, म्हणजे वेदवाक्यांच्या अर्थाचा विचार करणाऱ्या शास्त्रकारांच्या, परिभाषेत मांडून पाहण्याजोगे आहेत.

संगणकशास्त्रज्ञ फ्रेड ब्रुक्स यांनी 1986 साली या अवघडपणाचे दोन भाग केले. भाषा आणि साधने यांच्यामुळे येणारा तो आनुषंगिक, तर ज्या व्यवहारासाठी आज्ञावली लिहायची त्या व्यवहारातच असणारा तो अंगभूत. सांगलीच्या हळद बाजारातील शेतकऱ्याची हिशोबपट्टी घेतली, तर पोत्यांच्या वजनातून बारदान वजा करून, भावाने गुणून, हमाली व तोलाई कापणे एवढेच गणित दिसते; परंतु किलोचा अपूर्णांक पोत्यागणिक सोडायचा की एकूण वजनावर, हे नियम सांगणाऱ्याने बहुधा सांगितलेलेच नसते. पोत्यामागे अर्धा किलो सुटला, तर 100 पोत्यांत 50 किलो हळद हिशोबातून नाहीशी होते आणि यंत्र कोठेही अडत नाही, कारण लिहिलेले त्याने तंतोतंत पाळलेले असते.

अशा संशयस्थळी मीमांसक श्रुती (प्रत्यक्ष शब्द), लिंग (शब्दाचे सामर्थ्य), वाक्य, प्रकरण, स्थान आणि समाख्या (नाव) या सहा प्रमाणांचा आधार घेतात व विरोध आल्यास आधीचे प्रमाण बलवत्तर मानतात. हा विवेक चालवून नियम निश्चित करणे, हेच आज्ञावली लिहिण्याचे खरे कष्ट आहेत. अक्षरे टंकण्याचे काम त्यामानाने नेहमीच हलके होते, आणि आता भाषिक प्रारूपे, म्हणजे अफाट मजकुरावरून शिकलेल्या प्रणाली, तेही काही क्षणांत उरकतात.

येथे कर्तेपणाचा पेच उभा राहतो. वेद अपौरुषेय, म्हणजे कोणा पुरुषाने न रचलेले, आणि शब्दातील दोष वक्त्यामुळे येतो. म्हणून वक्ताच नसलेला वेद निर्दोष, असे मीमांसक कुमारिलभट्टांचे प्रतिपादन आहे. यंत्रनिर्मित आज्ञावलीला मात्र हा न्याय लागू पडत नाही. ती माणसांच्याच लेखनावरून घडलेली असल्याने माणसांचे दोष तिच्यात उतरतात, पण ‘हा अपूर्णांक येथे का सोडला?’ असे विचारावे, तर ज्याच्या मनात तो हेतू होता असा कोणी सापडत नाही. दोष राहतो आणि उत्तरदायी तेवढा नाहीसा होतो, हे तिचे अपौरुषेयत्व शेतकऱ्याच्या दृष्टीने अतिशय घातक आहे.

मीमांसेत कर्माचा अधिकारी तोच, ज्याला त्याचे फळ मिळायचे असते. हाच निकष येथे लावला पाहिजे: पट्टीची आज्ञावली यंत्राने लिहिली असली, तरी ती तपासून आपल्या पेढीवर चालू करणारा आणि तिचा लाभ घेणारा माणूसच तिचा कर्ता ठरतो, आणि कमी भरलेल्या 50 किलोंचा जाब त्यालाच द्यावा लागेल.