शेवळाचे पान

यंदा ज्येष्ठात माझ्या हातून एक चोरी झाली. चोरी म्हणण्याइतकी ती मोठी होती की नाही, हे समजायला मला थोडे दिवस लागले.

झाले असे की, आमच्या कल्याण-डोंबिवलीकडच्या काही शिक्षकमंडळींनी ठाणे जिल्ह्यातील रानभाज्यांचा एक लहानसा कोश करावयाचे ठरविले. मी कादंबऱ्या लिहितो, तेव्हा माझे मराठी बरे असणार, एवढ्याच भांडवलावर माझ्या वाट्याला दहा नोंदी आल्या. वनस्पतिशास्त्राशी माझा संबंध मॅट्रिकच्या परीक्षेबरोबर संपलेला. शेवळाची नोंद लिहायला बसलो तेव्हा टेबलावर एक जाडजूड ग्रंथ उघडा ठेवला, आणि त्यातले एकेक वाक्य मोडून पुन्हा बांधीत गेलो. कर्तरीचे कर्मणी केले, मागचे पुढे नेले, 'आढळते'च्या जागी 'दिसून येते' घातले. तासाभरात नोंद तयार! हीच युक्ती मुलांनी निबंधात केली की मी वहीवर लाल रेघ ओढतो, हे त्या वेळी काही आठवले नाही.

आमचे संपादक निवृत्त मुख्याध्यापक आहेत. त्यांना सारे नाना म्हणतात. त्यांनी नोंद वाचली, उठून कपाटातून तोच ग्रंथ काढला आणि दोन्ही शेजारीशेजारी ठेवून म्हणाले, "मास्तर, शब्द तुमचे आहेत, पण चाल कुणाची?"

मी जरा चिडलोच. "नाना, झाडाला फूल कधी येते यात माझे-तुझे काय असायचे? ते मी बदलू कसे?"

प्रश्न अगदीच खोटा नव्हता. माहितीवर कुणाची मालकी नसते. १९५७ चा आपला कॉपीराइटचा कायदाही लेखकाच्या मांडणीला जपतो, माहितीला नव्हे. त्यातही थिओडोर कुक यांच्यासारख्यांचा मुंबई इलाख्यातील वनस्पतींवरचा ग्रंथ निघाला १९०१ ते १९०८ या काळात. त्यातले पानच्या पान मी उतरून घेतले तरी आज मला कुणी कोर्टात खेचणार नाही. पण तेवढ्याने ते लेखन माझे होते काय? ग्रंथकाराच्या नावानिशी, अवतरणचिन्हांत आणले तर ती उघड उसनवारी. वेष पालटून आणले, तर त्याला काय म्हणावे?

नानांनी मला बोलू दिले, आणि मग दोन जागांवर बोट ठेवले.

पहिल्या जागी ग्रंथात 'कंद' होता. वाक्य निराळे दिसावे म्हणून मी तेथे 'मूळ' केले होते. आता हा कंद म्हणजे मूळ नव्हे, जमिनीखालचे खोड, हे आमच्या शाळेतली चुणचुणीत पोरगीसुद्धा सांगेल! शेवळाच्या बाहेरच्या आवरणाला शास्त्रात महाछद म्हणतात, आतल्या दांड्याला स्थूलकणिश. हे शब्द कुणा एका ग्रंथकाराचे नव्हेत; सुताराच्या पटाशीसारखी ती धंद्याची हत्यारे आहेत, जशीच्या तशी उचलावीत. मी नेमकी तीच बदलली होती, आणि जे बदलायचे ते जागच्या जागी ठेवले होते.

ते दुसऱ्या जागी दिसले. ग्रंथात आधी कंद, मग पान, मग फूल, मग फळ असा क्रम होता. शास्त्रीय ग्रंथात तो रूढ आहे आणि तेथे तो शोभतोही. मीही तोच ठेवला होता. नाना म्हणाले, "तुमची नोंद हातात घेऊन कुणी आत्ता मलंगगडाखालच्या रानात गेला, तर तो आधी पान शोधील. सापडेल का?"

मला सांगता येईना. आईच्या हातची शेवळाची कणी लहानपणापासून खात आलो; पण शेवळाचे पान कधी पाहिल्याचे आठवत नव्हते!

दुसऱ्या दिवशी डोंबिवली स्टेशनाबाहेर शेवळांच्या जुड्या घेऊन बसलेल्या एका बाईला विचारले, "मावशी, याचं पान कसं असतं?"

ती हसली. "पान आता कुठलं, दादा? पयलं हे येतं, पान मागनं. पान आलं की शेवळं सरली." आणि मी न विचारताच, आतला पिवळा भाग काढून टाका, नाहीतर घसा खाजेल, असे बजावून तिने काकडाची हिरवी आंबट फळे माझ्या पिशवीत टाकली.

'मूळ' सोडले तर माझ्या नोंदीत खोटे असे एक अक्षर नव्हते, आणि तरीही ती खोटी होती. जे मी पाहिले नव्हते ते पाहिल्याच्या थाटात सांगत होतो. ग्रंथकाराचे शब्द मी घेतले नव्हते. त्याचे डोळे घेतले होते, आणि ते माझेच म्हणून मिरवीत होतो.

नोंद पुन्हा लिहिली. ती आता पहिल्या पावसापासून सुरू होते. जमिनीतून एकटाच वर येणारा जांभळट कोंब, बाजारातली जुडी, काकड, घशाची खाज, आणि मग मागाहून येणारे पान. खाली ग्रंथाचे नाव दिले. वाईहून निघालेल्या मराठी विश्वकोशात तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांनी नोंदीखाली संदर्भ आणि लेखकाचे नाव देण्याची शिस्त घालून दिली होती; आम्ही तिचेच अनुकरण करतो. नाना खूश झाले.

पण मला चैन पडेना. त्या बाईचे बोलणे मी नोंदीत घेतले होते, तिची बोली तेवढी पुसून टाकली होती. ग्रंथाचे नाव खाली आले, तिचे नाही. हा तोच उद्योग नव्हे काय?

मलबारच्या वनस्पतींवरचा 'हॉर्टुस मलबारिकुस' हा बारा खंडांचा ग्रंथ १६७८ ते १६९३ या काळात ॲमस्टरडॅमला छापला गेला. तो करविणारा व्हान ऱ्हीड हा कोचीनचा डच अधिकारी. इट्टी अच्युतन हा तिथला वैद्य, आणि रंगभट, विनायक पंडित व अप्पू भट हे तिघे कोंकणी ब्राह्मण, यांनी त्याला झाडांची माहिती पुरविली. त्या चौघांची प्रमाणपत्रे पहिल्याच खंडात छापलेली आहेत. तिघा भटांचे तर कोंकणीत, नागरी लिपीत! साडेतीनशे वर्षांपूर्वीच्या त्या परक्या सत्ताधाऱ्याला जे सुचले, ते मला सुचू नये?

म्हणून मावशीचे नाव विचारायला मी पुन्हा स्टेशनाबाहेर गेलो. तोवर आषाढ लागला होता. शेवळे संपली होती. तिच्या जागी एक माणूस छत्र्या दुरुस्त करीत बसला होता. मी तीन आठवडे फेऱ्या घातल्या. भारंगीवाल्या भेटल्या, टाकळा विकणाऱ्या भेटल्या. ती काही दिसली नाही.

कोशाची मुद्रिते सध्या नानांकडे आहेत. शेवळाच्या नोंदीखाली ग्रंथाच्या नावापुढे एका ओळीची जागा मी मोकळी ठेवायला सांगितली आहे. छापखानावाला घाई करतो आहे. नाना म्हणतात, ज्येष्ठापर्यंत थांबवू.