पाहण्याचें ऋण

रानांतलें जनावर किंवा किनाऱ्यावरचें पाखरूं पाहावयास जाणें ही हल्लीं सुशिक्षित कुटुंबांची एक आवडती करमणूक झाली आहे. तींत कांहीं वावगें आहे असें सकृद्दर्शनीं कोणासही वाटत नाहीं. शिकाऱ्यानें बंदूक टाकून दुर्बीण हातीं घेतली, हा नीतीचा विजयच म्हणावयाचा! परंतु केवळ पाहणारा मनुष्य खरोखर निरपराध असतो काय, असा प्रश्न गेल्या हिंवाळ्यांतील एका दिवसाच्या सहलीनें आमच्यापुढें उभा केला. तो वाचकांपुढें मांडावा एवढाच या लेखाचा हेतु आहे.

दिवाळी होऊन पंधरवडा लोटला होता. आम्ही चौघे मित्र जव्हारास उतरलों होतों. हें एके काळीं मुकणे घराण्याच्या संस्थानाचें राजधानीचें गांव. १९४८ सालीं संस्थान विलीन होऊन ठाणें जिल्ह्यांत आलें, आणि २०१४ पासून जव्हार व मोखाडा हे दोन्ही तालुके नव्या पालघर जिल्ह्यांत मोडतात. येथून डहाणूचा समुद्रकिनारा एका दिवसांत जाऊन येण्यासारखा आहे. हिंवाळ्यांत तेथें दूरदेशचीं पाखरें उतरतात, तीं पाहावीं म्हणून आम्ही पहाटेच मोटारीनें निघालों. मोखाड्याकडील वारली घरांतले एक शिक्षक आमचे स्नेही आहेत. तेही बरोबर होते.

वाटेंत एका पाड्याच्या शिवेवर वाघदेव दिसला. शेंदूर माखलेला लांकडी खांब. त्यावर वाघ, आणि वर सूर्य व चंद्र कोरलेले. आमच्यापैकीं एकानें सहज विचारलें, "गुरुजी, तुमच्या वाडवडिलांना वाघ पाहण्याची फार हौस होती वाटतें?" गुरुजी हंसले. "हौस कसली! वाघबारशीला आम्ही त्याला नारळ देतों, तो त्यानें दिसूं नये म्हणून. तो त्याच्या रानांत, आम्ही आमच्या शिवारांत." आतां या रानांत वाघ नांदत नाहीं, पण त्याच्या देवाला अजून नारळ मिळतो. हें उत्तर आम्हीं त्या वेळीं एक गंमत म्हणून सोडून दिलें.

डहाणूस पोहोंचलों तों ओहोटी पुरी लागली होती. सुरूच्या झाडांपलीकडे चिखलमिश्रित वाळूचें पटांगण दूरवर उघडें पडलें होतें. पाण्याच्या कडेला कुरवांचा थवा बसला होता, आणि अलीकडे चिखल्या जातीचीं मुठीएवढीं पाखरें धांवत, थबकत, चोंच खुपसून किडे टिपीत होतीं. यांतलीं कांहीं हिमालयाकडील व तिबेटांतील उंच पठारांवर वीण करून हिंवाळ्यापुरतीं आपल्या किनाऱ्यावर येतात, हें ठाऊक असल्यामुळें आमचें कौतुक अधिकच वाढलें. दुर्बिणींतून तीं स्वच्छ दिसत होतीं, परंतु तेवढ्यानें आमचें समाधान होईना. आम्ही दहा पावलें पुढें गेलों. पाखरें तितकींच मागें सरलीं. आणखी वीस पावलें गेलों, तोंच सारा थवा उठला, उन्हांत एकदम पांढरा झळकला आणि दूर निघून गेला. आम्हीं 'वाहवा' केली. गुरुजी मात्र मागेंच उभे होते. ते शांतपणें म्हणाले, "जेवत्या पानावरून उठवलेंत त्यांना. पोटावर पाय दिलात."

त्या बोलण्यांत अतिशयोक्ति मुळींच नव्हती. या पाखरांचें ताट समुद्र वाढतो आणि समुद्रच उचलतो. ओहोटीनें चिखल उघडा पडतो, ते थोडे तास हीच त्यांची जेवणाची वेळ. उन्हाळ्यापूर्वींच्या परतीच्या प्रवासासाठीं त्यांना अंगांत चरबी सांठवावी लागते, आणि प्रत्येक निष्कारण उड्डाण त्या शिदोरींतून खर्ची पडतें. आम्हीं एकही खडा मारला नव्हता. तरी त्यांच्या पदरचें कांहीं घेतलें होतें, आणि तें घेतांना टाळ्या वाजविल्या होत्या.

मग पाहूंच नये कीं काय? असेंही म्हणतां येत नाहीं. कारण जें कोणीं पाहिलें नाहीं त्याची काळजी सहसा कोणी घेत नाहीं. रत्नागिरी जिल्ह्यांतील वेळास येथें २००२ सालापासून समुद्रकासवांचीं अंडीं राखण्याचें काम सुरू झालें. पिलें समुद्रांत शिरतांना पाहावयास लोक येतात, गांवांतल्या घरांत उतरतात, जेवतात. त्यामुळें या राखणींत गांवाचेंही हित गुंतलें आहे. पण तेथें पाहणारानें आंखलेल्या हद्दीबाहेर पाऊल टाकावयाचें नसतें.

जव्हार तालुक्यानें तर पाहण्याचा याहून कठोर अनुभव घेतला आहे. १९९२ सालीं वावर-वांगणी येथील बालकांचे कुपोषणानें झालेले मृत्यु उजेडांत आले, आणि ज्या पाड्यांकडे कोणी फिरकत नसे तिकडे महाराष्ट्राचें लक्ष गेलें. पुढें १९९५ सालीं आदिवासी भागांसाठीं नवसंजीवनी योजना निघाली. तेव्हां लोकांनीं पाहिलें हें बरेंच झालें. परंतु गुरुजी म्हणाले, "आमच्याकडचे जुने लोक सांगतात, फोटो काढणारे पुष्कळ आले, पुन्हां येऊन तें मूल कसें आहे म्हणून विचारणारे थोडे." थवा उठल्याबरोबर किनाऱ्यावरून पाठ फिरविणारे आम्ही यावर काय बोलणार?

संध्याकाळीं घाट चढतांना समोरून एक टेंपो उतरत होता. त्यांत भांडीं, वळकट्या, दोन कोंबड्या, आणि दाटीवाटीनें बसलेलीं माणसें. भातकापणी आटोपली कीं येथलीं कित्येक कुटुंबें भिवंडी-वसईकडील वीटभट्ट्यांवर जातात, तीं पावसाच्या तोंडाशीं परततात. सकाळीं पोटासाठीं दूरवरून आलेल्या पाखरांना आम्हीं 'पाहुणे' म्हटलें होतें. पोटासाठीं निघालेल्या या माणसांना काय म्हणावें, हें आम्हांस सुचेना. गुरुजी खिडकींतून वळून पाहत राहिले. मग म्हणाले, "माझ्या वर्गांतलीं तीन आहेत त्यांत."

आम्हांस वाटतें, पाहणें म्हणजे एक प्रकारची उसनवारी आहे. जो पाहतो तो पाहिलेल्याची शांति, क्वचित् घांस, आणि माणूस असेल तर थोडी अब्रूही घेतो. त्याची फेड दोन रीतींनीं होऊं शकते. एक, शिवेवरच्या वाघदेवाप्रमाणें ज्याचें त्याचें अंतर राखणें. दुसरी, पाहून झाल्यावर विसरून न जाणें. पहिली पाखरांस पुरते. माणसांस ती एकटी पुरत नाहीं.

पुढल्या खेपेस सुरूच्या सांवलींत स्वस्थ बसून राहावें, पाखरें आपण होऊन जितकीं जवळ येतील तितकींच पाहावीं, असें आम्हीं ठरविलें आहे. आणि येतांना मोखाड्याच्या वाटेनें गुरुजींच्या शाळेवरून यावयाचें आहे. त्या तीन मुलांचीं नांवें आम्हीं विचारून घेतलीं आहेत.